देव्हाऱ्यावरचा संडास

मध्यस्थीच्या खोलीतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून इथली नावं मी बदलली आहेत. राग मात्र अस्सल आहे आणि तो माझाच आहे.

मी वकील. नेरूळला राहते, आणि आठवड्यातले दोन दिवस कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसते. एखादं भांडण निकालापेक्षा बोलण्याने लवकर मिटेल असं कोर्टाला वाटलं, की ते आमच्याकडे पाठवतं. एक गोल टेबल, पाण्याचा जग, टिश्यूचा डबा आणि मी. मध्यस्थाने आवाज चढवायचा नाही, स्वतःचं मत द्यायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. शिकवणारे गृहस्थ फार शांत होते. त्यांच्या वाट्याला कोपरखैरण्याची ही केस आलेली नव्हती, एवढंच.

केस अशी. कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहीबाई राहतात. मूळ पाटणकडच्या. मालक मार्केटात माथाडी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा स्वराज तुर्भ्याला कंपनीत. त्यांच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, नंदकिशोर राहतात. हे राजापूरकडचे, विमा कंपनीत नोकरीला. बायको वैशाली बँकेत आहे, तिची बदली पुण्याला, शनिवार-रविवार येते. बाकीचे दिवस घरात नंदकिशोर आणि त्यांची म्हातारी आई, दुर्गाबाई.

दुर्गाबाई पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण कुणी धरल्याशिवाय चालता येईना. घरातला संडास पॅसेजच्या पार त्या टोकाला. म्हणून नंदकिशोरांनी आईच्या खोलीतला कपाट ठेवायचा कोपरा फोडला आणि तिथे नवा संडास बांधला. टाईल्स, कमोड, धरायला दांडा, सगळं झकास. सोसायटीला विचारलं नाही, पालिकेला विचारलं नाही. आणि त्या कमोडच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, राहीबाईंचा देव्हारा.

राहीबाई कोर्टात गेल्या. कोर्टाने मनाई हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत हा संडास वापरायचा नाही. झालं. नवाकोरा संडास कुलूप लावून बंद, आणि म्हातारी खाटेशेजारच्या भांड्याच्या खुर्चीवर.

पहिल्या बैठकीत नंदकिशोर टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, माझी आई दिवसभर पाणी पीत नाही. का, तर जावं लागू नये म्हणून. सकाळी बाई येऊन आंघोळ घालून जाते, संध्याकाळी परत येते, मधे घरात कोणी नाही. दोनदा इन्फेक्शन झालं. दुसऱ्या वेळी ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता परत झालं तर सांगता येत नाही. आणि यांना देव्हाऱ्याची पडलीय!"

मला पटलं. पटलं तरी दाखवायचं नाही, हे शिकलेलं होतं, म्हणून मी टेबलावरच्या जगमधलं पाणी ओतून घेतलं.

मग नियमाप्रमाणे दुसऱ्या बाजूशी वेगळं बोलले. स्वराज बिचारा पार कंटाळलेला. "मॅडम, खरं सांगू? मला सांगा, मी आज रात्री देव्हारा उचलून किचनमध्ये ठेवतो. विषय एंड. पण आमची आई... तुम्हीच विचारा."

मी विचारलं. राहीबाई पदर सावरून ताठ बसल्या होत्या. छोट्याशा, काटक बाई.

"राहीबाई, देव्हारा दुसऱ्या भिंतीला हलवला तर चालेल का?"

"मला चालंल की."

मी खूश. पेनाचं टोपण काढलं.

"पर देव माझं कुटं हायती, बाई? देव भावकीचं हायती. आमचं मालक थोरल्या घरातलं, म्हणून देव आमच्याकडं. आमी निस्तं सांभाळायचं. हलवायचं असलं तर भावकीला इचाराय पायजे."

आता मध्यस्थीत पहिला प्रश्न हा असतो, की समोर बसलेल्या माणसाला तडजोड करायचा अधिकार आहे का. कंपन्यांच्या भांडणात मॅनेजर येतो, बैठक रंगात येते, आणि शेवटी म्हणतो, वर विचारून सांगतो. तेव्हा डोकं फिरतं. इथे तर चक्क पाटण तालुक्यात विचारून सांगायचं होतं.

"मग विचारा ना भावकीला! फोन करा!"

"फोनवर देवाचं बोलत न्हाईत," राहीबाई म्हणाल्या.

तर मंडळी, भावकी आली. पुढच्या तारखेला सकाळीच एक जीप भरून आली. खोलीत एका बाजूच्या दोघांनाच बसता येतं म्हणून बाकीचे कॉरिडॉरमध्ये बाकांवर पसरले, कुणी चुना मळायला लागलं, शिपाई येऊन मलाच बोलून गेला. आत आले ते आप्पा, राहीबाईंचे चुलत दीर, पांढरीशुभ्र मिशी आणि तितकाच पांढरा फेटा. मी त्यांना अदबीने सगळं सांगितलं. म्हातारी, खुबा, इन्फेक्शन. आप्पांनी शांतपणे ऐकलं, च्-च् केलं, डोळेही पुसले. मला वाटलं, जिंकलो.

"देव हलवू की," आप्पा म्हणाले. "त्यात काय एवढं. म्हातारं मानूस हाय. निस्ता कौल लावाय लागंल."

"लावा मग!"

"आसा कवाबी लागत न्हाई. यात्रंत लागतो."

"यात्रा कधी आहे?"

"चैत्रात."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा दसरा नुकताच झाला होता.

मी दुसऱ्या बाजूकडे बघितलं. म्हटलं, आता नंदकिशोर उसळतील, मी त्यांना आवरीन, मग दोघांना मधल्या वाटेवर आणीन. वकिलीत इतकी वर्षं काढली, एवढा अंदाज येतो. तर हे गृहस्थ गंभीर चेहरा करून मान डोलवत होते.

"नाही, ते बरोबर आहे मॅडम. कौल घेतल्याशिवाय देवाला हात नाही लावता येणार. आमच्याकडे गावाला पण तसंच आहे."

मला वाटलं आपणच टेबलावर डोकं आपटून घ्यावं. दोन्ही पक्षांचं एकमत झालं होतं, आणि ते झालं होतं चैत्रापर्यंत काही न करण्यावर!

"अहो, मग संडास बांधताना लावला होतात का कौल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

नंदकिशोरांच्या वकिलाने माझ्याकडे असं पाहिलं, की तुम्हीसुद्धा, मॅडम? मी सॉरी म्हटलं. पण आप्पांनी तो धागा उचललाच.

"व्हय, बरं इचारलं बाईंनी! खाली देव हायती ह्ये तुमास्नी ठावं न्हवतं?"

"मला कसं माहीत असणार? मी कधी यांच्या आतल्या खोलीत गेलोय?"

"तुमची आई तर येत हुती की," राहीबाई एकदम म्हणाल्या. "हळदीकुकवाला, सत्यनारायणाला. देवापाशीच बसायची. तिला समदं ठावं हाय."

"आईचं नाव काढू नका! तुमच्यामुळे तिचे हाल चाललेत!"

"माज्यामुळं? भिंत म्या फोडली व्हय?"

आणि मग जे सुरू झालं ते कॉरिडॉरमधल्या भावकीनेही ऐकलं आणि ती दारात येऊन उभी राहिली. बैठक तिथेच संपवली. माझा घसा बसला होता.

घरी जाताना पाम बीच रोडच्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं, की आपण कोर्टाला विचारलं, सोसायटीला विचारलं, पाटणच्या भावकीला विचारलं, आता चैत्रात देवालाही विचारणार. ज्या बाईच्या संडासाचं हे चाललंय तिला एका शब्दाने कोणी विचारलेलं नाही. नंदकिशोरांच्या कागदात लिहिलं होतं, "संडास आईच्या इच्छेनुसार बांधला." मी नंदकिशोरांना दर वेळी म्हणत होते की आईंना आणा, व्हीलचेअरची सोय करते, नाहीतर व्हिडिओ कॉल लावा. दर वेळी उत्तर एकच, "ती काय बोलणार, मॅडम? जे आहे ते मी सांगतोय ना."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वकिलांना फोन करून सांगितलं की पुढची बैठक केंद्रात नाही, चौथ्या मजल्यावर. दुर्गाबाईंसमोर. वकिलांनी यायची गरज नाही. आणि भावकी आली तर मी केस परत पाठवून देईन.

दुपारी गेले. नंदकिशोर अर्धा दिवस रजा टाकून थांबले होते. मी लिफ्टमधून वर आले तर राहीबाई जिन्याने वर येत होत्या, मागून स्वराज.

"मी एकटाच येणार होतो, पण आई म्हणते मी पण येणार," स्वराज ओशाळून म्हणाला. "कोर्टात गेल्यापासून तिने पाय नव्हता ठेवला इथे."

नंदकिशोरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मी म्हटलं, "त्या पक्षकार आहेत. येऊ द्या."

दुर्गाबाईंची खोली स्वच्छ होती. खाट, वॉकर, औषधांची टोपली. कोपऱ्यात नव्या संडासाचं पांढरं दार, त्याला कुलूप. आणि खाटेजवळ दोरीवर जुनं लुगडं वाळत घातल्यासारखं टाकलेलं. त्याच्या मागे ती खुर्ची. राहीबाईंनी ते बघितलं आणि पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं.

"ये गो राही," दुर्गाबाई म्हणाल्या. "किती बारीक झालीस. बस, इथे बस."

राहीबाई खाटेच्या कडेला बसल्या. मी खुर्ची ओढली, माझं नेहमीचं भाषण केलं, की मी निकाल देणार नाही, इथलं बोलणं इथेच राहील वगैरे. दुर्गाबाईंनी ते सगळं सौजन्याने ऐकून घेतलं.

"आई, तुम्हाला काय हवंय, एवढंच मला सांगा. खालचा देव्हारा हलला की तुम्हाला हा संडास वापरता येईल..."

"मी नाही वापरणार तो."

"म्हणजे, परवानगी मिळाली की..."

"परवानगी मिळाली तरी नाही. कौल मिळाला तरी नाही." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खाली देव कुठे आहेत ते मला ठाऊक आहे हो. त्या देवांना मी हळद वाहिलीय. त्यांच्या डोक्यावर जाऊन बसू? मरेन, पण नाही बसायची."

"आई!" नंदकिशोर दारातून आत आले. "काय बोलतेस तू? मी दीड वर्ष कोर्टात चपला झिजवतोय, ते काय माझ्यासाठी?"

"तू बांधलास तेव्हा मी वैशालीकडे पुण्याला होते. हॉस्पिटलमधून परस्पर तिकडेच नेलंत. आले तर समोर हे तयार. तू इतक्या हौसेने दाखवत होतास, हा दांडा बघ, हा शॉवर बघ. तुला काय सांगू? चार दिवस मी पोट बिघडलंय म्हणून जेवलेच नाही, जायला नको म्हणून. मग कोर्टाचा कागद आला. खरं सांगते, तो आला तेव्हा मला बरं वाटलं."

मी वकील आहे. बरं वाटायला लावणारा मनाई हुकूम मी तोवर पाहिला नव्हता. आणि मला इतका संताप आला, की काय सांगू! दोन वकील, एक न्यायाधीश, एक जीपभर माणसं, मी, माझा घसा. आणि हे वाक्य दीड वर्ष या खाटेवर पडून होतं.

"अहो, मग बोलायचं नाही का, आई?" मी म्हटलं. आवाज चढलाच.

"कोणाला बोलू? हा म्हणणार, तुझ्यासाठी केलं ते तुला नको. चार लोकांत त्याचं तोंड पडलं असतं."

राहीबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला तरी सांगायचं व्हतंस. मी खाली बसून तुला शिव्या घालत व्हते."

"तू कुठे येत होतीस?"

राहीबाई खाटेवरची चादर सरळ करायला लागल्या.

मी स्वतःला सावरलं. "बरं. मग तुम्हाला हवंय काय?"

"तो पॅसेजमधला जुना आहे ना, तोच बरा आहे. तिथवर जायला कोणीतरी हात धरायचा. बस. दुसरं काही नको मला."

"कोण धरणार?" नंदकिशोर चिडून म्हणाले, पण चिडण्यात आता जोर नव्हता. "मी ऑफिसला. दिवसभराची बाई ठेवली होती, दोन टिकल्या नाहीत. मॅडम, हे बोलायला सोपं आहे."

"दिवसा मी हाय की," राहीबाई म्हणाल्या. "एक जिना. वर याय काय विमान लागतंय?"

"आणि तुम्ही गावाला गेलात की?"

"तवा स्वराजची बायको हाय. न्हाईतर जायची न्हाय मी गावाला. पर त्यो संडास तोडायचा. त्यो हाय तवर केस मागं घ्यायची न्हाय, आदीच सांगते."

"आई, केसचं नंतर..." स्वराज म्हणाला.

"नंतर न्हाय, आत्ताच."

दिवसाची सोय झाली होती. मी वहीत लिहायला घेतलं आणि सवयीने पुढचा प्रश्न विचारला. करारात फट ठेवायची नाही, ही माझी खोड.

"आणि रात्री?"

नंदकिशोर खिडकीकडे बघत होते.

"रात्री तुम्ही घरात असता ना, नंदकिशोर?"

"असतो."

"मग?"

"रात्री ती खुर्ची जवळ सरकवून देतो आणि दार लोटून घेतो." मग एकदम म्हणाले, "लाज वाटते हो, मॅडम! आईला संडासला कसं नेणार? तिला कसं वाटेल? मुलगी असती तर गोष्ट वेगळी. मी पुरुष माणूस. तिला अवघडल्यासारखं होतं, म्हणून तर हे सगळं बांधलं, की कोणाचा हात लागायला नको, तिचं ती करेल."

एवढा मोठा माणूस, टक्कल पडलेलं, आणि कानापर्यंत लाल झाला होता. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. गेला नव्हता, पण तो त्यांच्यावर राहिला नव्हता.

"मला नाही अवघडल्यासारखं होत," दुर्गाबाई म्हणाल्या.

नंदकिशोरांनी वळून बघितलं.

"तुला होतं. म्हणून मी हाक नाही मारत. रात्रीसुद्धा. तू दार लोटतोस तेव्हा मला वाटतं, तुला माझी किळस येते, आणि ते साहजिक आहे, म्हणून मी गप्प पडते."

"किळस?" ते म्हणाले. "आई, किळस?"

स्वराज उगाच मोबाईल काढून बघायला लागला. मी टिश्यूचा डबा शोधला, आणि मग आठवलं की हे केंद्र नाही, इथे डबा नसतो. माझाच पदर डोळ्यांना लावला. मध्यस्थाने असलं काही करायचं नसतं. खड्ड्यात गेलं ट्रेनिंग.

तेवढ्यात दुर्गाबाई खाटेवर हलल्या. हाताने कठडा धरला, पाय खाली सोडायला लागल्या.

"मघापासून लागलीय," त्या जरा हसून म्हणाल्या. "तुम्ही लोक आलात, मग कसं सांगू."

राहीबाई चटकन उठल्या, पदर कमरेला खोचला. "चल, ऊठ. मी नेते."

"तू बस गो," दुर्गाबाईंनी त्यांचा हात बाजूला केला. "त्याला येऊ दे."

नंदकिशोर जागचे हलले नाहीत. मी वहीत डोकं घातलं. राहीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि स्वराजलाही दंडाला धरून भिंतीकडे वळवलं. मग नंदकिशोर पुढे झाले, आईसमोर वाकले, दोन्ही हात पुढे केले आणि तसेच हवेत धरून राहिले.

"कुठे धरू, आई?" त्यांनी विचारलं.